सहा पाच

लामपांगच्या शाळेसमोर पुईचं झेरॉक्सचं दुकान होतं. गणिताचे नवे मास्तर थोंग तिथे पहिल्यांदा शिरले ते चहाचं दुकान समजून. पुईने हसून स्वतःचाच बर्फाचा चहा पुढे केला. तेव्हापासून ते रोज येत, आणि प्रत काढायला रोज फक्त एक कागद आणत.

शुक्रवारी सकाळी ते चाचरत म्हणाले, "उद्या देवळाच्या जत्रेला... येशील?"

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली. खरं तर होकार ओठांवरच होता.

ते गेल्यावर तिने यंत्राचं झाकण उचललं. आत एक चिठ्ठी राहिली होती. जांभळी शाई, गोल अक्षर – ‘५५५५५५. विलाई.’

लामपांगकडच्या बोलीत पाचाला ‘हा’ म्हणतात. ‘हाहाहा’ असं हसू लिहून कळवायचं तर सगळे पाच पाच लिहितात. पण सहा पाच? कोण ही विलाई, मास्तरांशी इतकी खिदळणारी? पुईने दिवसभर गिऱ्हाइकांना तिरक्या प्रती काढून दिल्या.

संध्याकाळी मास्तर आले. तिने चिठ्ठी समोर आपटली.

"घ्या. जत्रेला हिलाच न्या. हसरी दिसतेय."

"कोण? विलाईबाई?" मास्तर बघतच राहिले. "अगं, त्या पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. चाळीस वर्षांत त्यांना कुणी हसताना पाहिलं नाही!"

"मग हे काय आहे?"

"परीक्षेतल्या प्रश्नासाठी त्यांनी सुचवलेली संख्या. या संख्येचे गुणधर्म सांगा, असा प्रश्न."

पुईचे कान तापले. पण माघार कशी घ्यायची? "असं काय आहे हिच्यात? तुम्ही हिच्याकडे बघताय तसं माझ्याकडे तरी..."

मास्तरांनी पेन्सिल काढली. "तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सदतीस. यांचा गुणाकार केला की ही होते. सहाही मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. हिला चौसष्ट विभाजक आहेत, म्हणजे बत्तीस जोड्या. पूर्ण वर्ग असला ना, की एक जण स्वतःशीच जोडी लावून बसतो. हिच्यात तसा कुणी नाही."

"एकटं कुणीच नाही?"

"कुणीच नाही. आणि सगळ्यात जवळची जोडी सातशे पंधरा आणि सातशे सत्त्याहत्तर. मध्ये तिसरं कुणी येत नाही." त्यांनी मान खाली घातली. "विलाईबाईसुद्धा नाहीत."

पुईने पेन्सिल ओढून घेतली. चिठ्ठीच्या मागे काहीतरी लिहिलं आणि ती त्यांच्या हातात कोंबली.

‘उद्या येते. ५५५५५.’

मास्तरांनी मोजलं. "एक पाच कमी आहे."

"तो तुमच्याकडून," पुई म्हणाली. "हसा की आता!"

मास्तर हसले.