उपटलेली बाग

नवऱ्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी आविला शहरात गेले होते. परत आले, तर माझ्या धाकट्या भावानं, एलादिओनं, डोंगरावरची बाग पोकलेन लावून उपटली होती.

गार्नाचा जातीच्या द्राक्षांच्या त्या वेली पणजोबांनी लावलेल्या. ग्रानाइटच्या भुग्यात, इतक्या उंचावर की एखाद्या वर्षी मे महिन्यातही हिम पडायचं. मांडव नाही, तार नाही. नुसती गुडघाभर उंचीची पिळवटलेली खोडं. एका वेलीला द्राक्षं येणार ती ओंजळभर. पण त्यांची वाईन! रंगानं फिकी लाल, जिभेवर आधी दगडाची चव, मग रानओव्याचा वास. लग्नाआधीपासून ती मीच करत आले होते. अर्धी बाग माझ्या नावावर होती.

"विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?" अंगणात त्याच खोडांच्या निखाऱ्यांवर तो कोकराच्या फासळ्या भाजत होता. "पर्यटकांसाठी घरं बांधतोय तिथं. ये, खा. माझ्यावरचा राग मटणावर कशाला?"

"त्या जाळावरचं तूच गीळ."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. उरलेली खोडं मी माझ्या तळघराच्या बाहेरच्या भिंतीशी आणून रचली. मुळं आभाळाकडे करून ती सगळा हिवाळा तशीच पडली होती.

एप्रिलमध्ये ती गळायला लागली.

छाटलेली वेल वसंतात पाणी गाळते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ती जमिनीतली वेल. या खोडांच्या मुळांवरची माती वाळून कधीच झडली होती. तरी प्रत्येक जुन्या छाटाच्या तोंडाशी थेंब जमत होता, पडत होता, पुन्हा जमत होता. भिंतीखाली चिखल झाला.

शेजारच्या लेओन्सिया मावशींनी कुंपणावरून पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला.

"रडतायत गं."

"जुनं लाकूड आहे, मावशी. ओल धरून ठेवतं."

"असेल बाई," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या कोंबड्या आत घेतल्या.

आठवड्याभरानं भर दुपारी एलादिओ दारात आला. दहाही बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, आणि त्या चिंध्या ठिबकत होत्या.

"कासिल्दा, बघ ना जरा."

मी चिंधी सोडली. जखम नव्हती. नखाच्या टोकाशी स्वच्छ पाणी जमत होतं, पडत होतं.

"डॉक्टर म्हणतो, घाम आहे."

"मग घामच असेल. आयुष्यात पहिल्यांदाच आला असेल, म्हणून तुला ओळखता येत नाही."

तो हसला नाही. उभ्या उभ्या त्यानं सुरईभर पाणी घटाघटा संपवलं. मी मुद्दाम शेवटच्या हंगामाची वाईन पेल्यात ओतली आणि त्याच्यासमोर आपटली. बघ म्हटलं, काय मारलंस ते. त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"नको. आपल्याच घरातलं कुणीतरी माणूस मी पितोय, असं वाटतं."

दुसऱ्या दिवशी त्याची गाडी डोंगराच्या कडेला दार सताड उघडं टाकून उभी होती. मी चढत गेले. हिवाळाभर साठवलेल्या शिव्या ओठांवर होत्या.

उघड्या बोडक्या उतारावर तो अनवाणी उभा होता. ऊन डोक्यावर. कंबर वाकलेली, हात अर्धवट वर. जिथून वेलींची ओळ जायची, बरोबर त्या रेषेत.

"नाटकं पुरे. घरी चल."

तो हलला नाही.

मी त्याचं मनगट धरलं आणि होता नव्हता तेवढा राग लावून ओढलं.

पायाखाली, मातीत खोल, काहीतरी हलकेच तुटलं.

"ओढू नकोस," तो हळू म्हणाला. "खाली दुखतं."

माझा राग गेला नव्हता. तरी हात सुटला.

माझा तळहात ओला झाला होता. कुठूनशी एक मधमाशी आली, त्यावर बसली आणि शांतपणे पिऊ लागली.