राघूची चोच

कामशेतच्या स्टेशनावर कस्तुरा आली ती भांडायच्याच तयारीनं. पुण्याहून मागवलेल्या तिच्या दोऱ्यांचं पार्सल वाटेत फुटलं होतं. तिनं खिडकीतून आत डोकावलं... आणि भांडण ओठांतच राहिलं. नवा पार्सलबाबू महिपती मांडीवर रंगीत लडी घेऊन एकेक गुंता सोडवत बसला होता.

“हिरवे दोन प्रकारचे आहेत ना? वेगळे ठेवलेत मी.”

“तीन हायती,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ द्या. बाप्यांना कुटलं कळतंय!”

तो मान वर करून हसला. झालं! त्या दिवसापासून कस्तुराचे दोरे फार लवकर संपू लागले.

फुलीच्या टाक्याचं तिला वेडच होतं. घरातली एक उशी तिनं मोकळी सोडली नव्हती. महिपती मग रद्दी फॉर्मांच्या पाठीवर चौकटी आखून तिला नमुने काढून देऊ लागला. कधी मोर, कधी कमळ. एकदा तिचं भरलेलं कापड हातात घेऊन तो उलटसुलट करत राहिला.

“यातली सुलट बाजू कुठली?”

“वळखा की!”

“नाही बुवा ओळखता येत.”

“मंग! माजं काम दोन्हीकडनं सारकंच असतंया. एक गाठ दिसायची न्हाई.”

“पण मागची बाजू बघतंय कोण?”

“मी बघते,” ती म्हणाली. केवढा तोरा होता तिला त्या गोष्टीचा!

श्रावण संपता संपता त्यानं एक राघू काढून दिला. या वेळी मात्र तो हसत नव्हता.

“भुसावळला बदली निघालीय. नको म्हणायला आठ दिवस आहेत. कस्तुरा... तुमच्या आबांना विचारणं सोपं आहे. पण मला आधी तुमचं उत्तर हवंय.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“तोंडानं सांगू नका. हा राघू भरा आणि ओसरीवर टांगा. चोच स्टेशनाकडं दिसली, तर आईला घेऊन मागणी घालायला येईन. बाजाराकडं दिसली तर... निमूट जाईन.”

व्हय म्हणायला एक शब्द पुरला असता. पण कस्तुरा लाजली, कागद मुठीत धरून पळाली, आणि चार दिवसांत राघू भरून मोकळी झाली. चोच स्टेशनाकडं! तेवढ्यात उर्श्याहून बहिणीच्या बाळंतपणाचा सांगावा आला. निघता निघता तिनं कापड आबांच्या हाती दिलं. “अल्लाउद्दीनचाचांकडनं काच लावून आना आबा. आजच्या आज ओसरीवर टांगा.”

सहाव्या दिवशी ती परतली. लांबूनच तिनं ओसरीकडं पाहिलं आणि ती धावतच अंगणात आली. राघू बाजाराकडं बघत होता.

“आबा, ह्यो... ह्यो उलटा कसा?”

“चाचा इचारीत व्हता, सुलट बाजू कंची?” आबा कौतुकानं म्हणाले. “म्या बी बघितलं. पोरीचं काम दोन्हीकडनं सारकंच! म्हनलं, लाव कशी बी. आन त्यो पार्सलबाबू आलता परवा. लय येळ बघत उभा ऱ्हायला. म्हनला, काम फार सुरेख झालंय, सांगा त्यांना. काल गेला भुसावळला.”

कस्तुरानं त्याच संध्याकाळी चौकट उघडून राघू फिरवला. पण आता बघायला होतं कोण? तिनं पत्र लिहायला घेतलं, फाडलं, पुन्हा घेतलं. मुलीच्या जातीनं आपणहून कसं लिहायचं, या विचारात माघ उजाडला, आणि महिपतीचं लग्न झाल्याचं स्टेशनातून कळलं. तेव्हा मात्र ती ढसाढसा रडली. चूक आबांची नव्हती, चाचांची तर नव्हतीच. समोर उभा राहून विचारत होता तो, आणि आपण पळालो!

पुढं तिचंही लग्न झालं, लोणावळ्यात. माणूस चांगला मिळाला. दुपारी आळीतल्या मुली तिच्याकडं भरतकाम शिकायला येत.

एकदा शमीमनं मोठ्या ऐटीत आपला रुमाल उलटा करून दाखवला. “बघा मावशी, मागं एक गाठ न्हाई!”

कस्तुराबाईंनी रुमाल घेतला. बराच वेळ बोटांनी चाचपला. मग सुईत लाल दोरा ओवून त्याच्या मागच्या बाजूला एक ठसठशीत गाठ मारली.

“मावशी! घान केली की वं!”

“असू दे, बाळा,” त्या म्हणाल्या. “बघणाऱ्याला कळाया पायजे, आपल्या मनात काय व्हतं.”