इग्वानाचा दिवा

सिराज पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायचा. विश्रांतवाडीपासून खराडीपर्यंत, जाईल त्या घरी ‘ही जंतू मारणारी यूव्हीची ट्यूब वर्षाला बदला, हयगय नको’ असं बजावून यायचा. अशा माणसाने नेमकी यूव्हीतच चूक करावी, आता काय म्हणावं!

त्याच्या दहा वर्षांच्या लेकीने, अफशीनने, इग्वाना पाळला होता. घरात राहणाऱ्या सरड्याला उन्हाऐवजी यूव्हीबीचा खास दिवा लागतो, हे तिने वाचून काढलं. सिराज मनाशी हसला. “विकत कशाला? यूव्ही ती यूव्ही!” त्याने पिशवीतली फिल्टरची ट्यूब पिंजऱ्यावर बसवून दिली आणि लेकीला दुकानातून आणल्याचं सांगितलं. किती उंचीवर, ते अफशीनने पट्टीने मोजलं.

चौथ्या दिवशी इग्वानाचे डोळे सुजून मिटले.

सदाशिव पेठेतल्या डॉक्टर शैलाताईंनी पापणी उचलून पाहिली. “दृष्टी गेली. जंतू मारायच्या दिव्याखाली भाजल्यासारखं दिसतंय. अहो, लावलात कुठला?”

“सरड्यांचाच. दुकानातला,” सिराज म्हणाला.

“मग फार जवळ लावला असणार. घरात पट्टी नसेल, नाही का?”

“मीच मोजलं होतं,” म्हणत अफशीन रडायला लागली. सिराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो डॉक्टरांची फी मोजू लागला. घरी येताच त्याने ट्यूब काढून कचऱ्याच्या गाडीत टाकली.

त्या दिवसापासून इग्वाना मिटल्या डोळ्यांनी त्याच्याकडे तोंड करून बसू लागला. सिराज मोरीत गेला की मोरीकडे, जिन्यात गेला की दाराकडे. वासाने कळत असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

मग एका दुपारी कामावर असताना अफशीनचा फोन आला. “अब्बा, आज खराडी सोडून आळंदी रोडला गेलात ना? तो तिकडे तोंड करून बसलाय.”

काम ऐनवेळी बदललं होतं. घरी कुणालाच ठाऊक नव्हतं.

गुरुवारी दुपारी अफशीन आतल्या खोलीत झोपली होती. सिराज पिंजऱ्यापुढे बसला. “चूक माझी आहे रे. तिची नाही, माझी.” सगळं ओकून टाकल्यावर त्याला हायसं वाटलं.

“तिला मात्र सांगायला लावू नकोस,” तो पुटपुटला.

इग्वानाने तोंड फिरवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

आतल्या खोलीकडे.

“अब्बा,” अफशीनचा झोपाळू आवाज आला, “दिवा बंद करा ना. डोळे जळतायत.”

इमारतीची वीज सकाळपासून गेलेली होती.