मोहाखालचा पाला

"पाच वाजेपर्यंत अहवाल माझ्या टेबलावर पाहिजे, मॅडम. दहशतवादी कृत्य. शब्द नीट वापरा," एवढं बोलून उपअधीक्षक सोनवणे साहेबांनी फोन ठेवला.

सहायक निरीक्षक संघमित्रा तायडेनं घड्याळ पाहिलं. सकाळचे नऊ.

आदल्या दिवशी पहाटे साडेपाचला सातपुड्याच्या पायथ्याशी, खैरपाड्यावर, एका मोहाच्या झाडाखाली स्फोट झाला होता. वनचौकी तिथून पन्नास पावलांवर. जमना नावाची साठीची बाई त्यात होरपळली. ती आता धुळ्याच्या दवाखान्यात होती आणि तिचा मुलगा सुकलाल ठाण्याच्या कोठडीत. पाड्याच्या टेकडीवर खडीची खाण होऊ नये म्हणून वर्षभर लोकांना गोळा करणारा तो हाच.

वरिष्ठांची गोष्ट सरळसोट होती. मुलानं जिलेटिनच्या कांड्या लपवल्या, आई त्या चौकीवर टाकायला निघाली आणि त्या हातातच फुटल्या. शिवाय स्फोटाच्या आदल्या संध्याकाळी ठाण्याला निनावी फोन आला होता, की सुकलालच्या मोहाखाली माल आहे, सकाळी आठला छापा टाका. छाप्याआधीच धमाका झाला. टीव्हीवाल्यांनी तर तेवढ्यात सातपुड्यात अतिरेकी उतरवूनही टाकले.

दहशतवादाचं कलम लागलं की जामीन विसरायचा. पोरगा वर्षानुवर्षं आत राहणार आणि आईची भेट काही होणार नाही, हे संघमित्राला कळत होतं. अहवालाखाली सही तिची असणार होती. नाही म्हणावं तर हातात पुरावा नव्हता. तिला आपल्याच खुर्चीत कोंडून घातल्यासारखं झालं.

ती कोठडीपाशी गेली.

"ते झाड कुणाचं?"

"मनी मायनं," सुकलाल गज धरून म्हणाला.

"नक्की आईचंच?"

"बठ्ठा पाड्याले ठाव शे. जेनं झाड, तोच फुलं येचस."

"जिलेटिन कुठून आणलं?"

"मी नई आनं, मॅडम. मनी माय कशी शे, तेवढं सांगा."

हवालदार ज्ञानेश्वर बाहेर येताच हसला. "झाड आपलंच म्हणतो, मॅडम. हात दाखवून अवलक्षण!"

संघमित्रा हसली नाही. "ज्ञानेश्वरभाऊ, तो निनावी फोन कुणाच्या नंबरवरून आला, ते मोबाइल कंपनीकडून काढा. तोवर मी धुळ्याला जाऊन येते."

धुळ्याला खाटेशी पहाऱ्याला शिपाई बसलेला. जमनाचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळले होते.

"अक्का, पहाटे झाडाखाली काय करत होत्या?"

"पाला पेटाडाले, माय. दुसरं काय?"

"हातात काय होतं?"

"काडीपेटी. नि झाडू."

"पाल्यात काही वेगळं दिसलं?"

"ढीग मोठा व्हता. मले वाटनं, वारानी करा." मग तिनं मान कशीबशी वळवली. "सुकलालनी भाकर खादी का?"

संघमित्राला तिथे उभं राहवेना. "खाल्ली," असं खोटंच सांगून ती बाहेर आली.

खैरपाड्यावर वनरक्षक समाधान वाट पाहत होता. जमनाच्या झाडाखाली खड्डा पडला होता. आजूबाजूच्या मोहांखाली मात्र जमीन काळी, झाडून लख्ख केलेली आणि तिच्यावर पिवळी फुलं पडलेली.

"हे काळं कशानं?"

"दरसालचं आहे, मॅडम. फुलं गळायला लागली की मोहाखालचा पाला गोळा करून जाळतात. जमीन मोकळी झाली की वेचायला सोपं. मी तीन वर्षं बोंबलतोय, जंगल पेटेल म्हणून. ऐकतं कोण?"

जवळच पुन्या उभा होता, सुकलालचा काका. नशिराबादजवळ प्रेमराज शेठची खाण होती, तिथे तो कामाला होता. टेकडीवरची नवी खाणही प्रेमराजच काढणार होते आणि त्यावरून काका-पुतण्याचं बोलणं बंद होतं.

"जिलेटिन तुझ्या हाताखालून जातं ना?"

पुन्याची पाचावर धारण बसली. "जास, मॅडम. पन वहिनीना झाडखाले? तठे तर ती आग लावस! मी ढोर शे का?"

संघमित्रानं वळून खड्ड्याकडे पाहिलं. सकाळपासून सगळे ज्या झाडाला पुरावा म्हणत होते, ते तिला आता निराळंच दिसायला लागलं होतं.

तीन वाजता ती ठाण्यात परतली. प्रेमराज शेठ स्वतःच येऊन बसले होते, चहा घेत.

"फार वाईट झालं, मॅडम. पण असल्या लोकांना आवर घालायलाच हवा."

"तुम्ही त्या झाडाखाली कधी गेलात?"

"पावसाळ्यात. मोजणीला. तेव्हाच कळलं, झाड सुकलालच्या आईचं आहे म्हणून."

"पाला फार असतो म्हणे तिथे."

"असणारच. पडतो, कुजतो, खत होतं. त्याला कोण हात लावतं?"

"तुमच्या कांड्या चोरीला गेल्या?"

"गेल्या असतील. पुन्याला विचारा ना, घरभेदी तोच."

साडेचारला सोनवणे साहेब आले. संघमित्रानं प्रेमराज, पुन्या आणि समाधानला समोर बसवलं.

"अहवाल?" साहेबांनी विचारलं.

"सांगते. सर, आपण म्हणतो झाड सुकलालच्या आईचं, म्हणून गुन्हा सुकलालचा. मी म्हणते, झाड आईचं म्हणूनच तो सुकलालचा नाही. ज्या ढिगाला आई पहाटे काडी लावणार, त्यात कोणता मुलगा जिलेटिन ठेवील? बाई काही नेत नव्हती. तिनं पाला पेटवला, आत कांड्यांसोबत त्या उडवणारे डिटोनेटर होते, ते तापून फुटले."

"मग ठेवलं कुणी?"

"झाड कुणाचं हे ज्याला माहीत आहे, पण त्याखालचा पाला जाळतात हे माहीत नाही, अशा माणसानं. पुन्याच्या घरचेही पाला जाळतात. समाधान तर त्यावर ओरडतो. दोघांनीही तिथे सकाळपर्यंत काही लपवलं नसतं. उरतात शेठ. ते इथे फक्त पावसाळ्यात आले. पाला कुजतो, असं मघाशी तेच म्हणाले."

प्रेमराज उसळले. "यावरून मी गुन्हेगार?"

"यावरून फक्त संशय. कांड्यांच्या कोठाराचं कुलूप शाबूत आहे, ते नशिराबादच्या पोलिसांनी दुपारी पाहिलं. किल्ली एकच, तुमच्या कमरेला. आणि निनावी फोन तुमच्या ड्रायव्हरच्या, मगनच्या, मोबाइलवरून झाला. तो बाहेर बसलाय. म्हणतो, मालकांनी फोन मागून घेतला होता."

"कुणी मरावं असं नव्हतं मनात," प्रेमराज पुटपुटले. "आठला छापा पडला असता, माल सापडला असता, तो आत गेला असता. बास."

"आणि पाड्यानं भिऊन टेकडी सोडली असती."

प्रेमराजांनी समोरचा रिकामा कप बाजूला सारला.

त्यांना आत नेल्यावर साहेबांनी घाम पुसला. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली असती आपण. शेठवर स्फोटकांचं कलम लावा, खोट्या पुराव्याचं लावा."

"आणि सकाळचं?"

"दहशतवादी कृत्य? अहो, हा धंद्याचा वाद आहे."

"कलमात हेतू विचारलाय, सर. लोकांच्या मनात दहशत बसवायची. सुकलालचा तो हेतू आपण न विचारता धरला होता. शेठनं आत्ता तोंडावर नाकारलासुद्धा नाही. मी तसं लिहून पाठवते. नाही म्हणायचं तर वरच्यांनी कारण लिहून म्हणावं."

साहेबांनी टेबलावरची टोपी उचलली. "पाठवा," ते म्हणाले.

ज्ञानेश्वरनं कोठडी उघडली. सुकलाल जागचा हलला नाही.

"चल, सुटलास. गाडी तयार आहे, धुळ्याला सोडतो."

"कागद द्या. तोंडी सोडेल मानूस परत धरतस."

संघमित्रानं कोरा कागद घेतला. सुकलालचा या स्फोटात हात नाही, तो दहशतवादी नाही, असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. त्यानं एकेका अक्षरावर बोट ठेवत दोनदा वाचलं आणि कागद परत तिच्यापुढे ठेवला.

"मनी मायनं नाव बी लिखा."

संघमित्राचा हात थांबला. जमनाही आरोपीच ठरली होती आणि तिच्या खाटेशी बसवलेल्या शिपायाला उठवायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं मान खाली घालून त्याच कागदावर जमनाचं नाव लिहिलं.