बुजवलेलं भोक

खोटं सांगून मला काय मिळणार? शिवानी माझी सख्खी मावसबहीण. गेल्या महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, कल्याणात, भर दुपारी तिच्यासोबत हे घडलं.

तलावाकाठी मुघलांच्या काळातली एक मशीद आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. काळा दगड, चुन्याचं बांधकाम, तीन कमानी, वर घुमट. दुरुस्तीआधी तिची मोजमापं घेऊन नकाशा काढायचं काम शिवानीकडे होतं.

मागच्या भिंतीत ओळीने भोकं होती. परांचीचे बांबू खोचायला जुने गवंडी ती ठेवत. त्यातलं एकच चुन्याने बुजवलेलं होतं.

"ते तेवढं सोड, बेटा," देखभाल करणारे इस्माईलचाचा म्हणाले. "माझ्या आजोबांनीही त्याला कधी हात लावला नाही."

पण शिवानी कामात भारी चोख. चाचा जेवायला गेले आणि तिने चुना खरवडला. भिंत किती जाड ते बघायला आत टेप सारली. टेप तिच्या वारलेल्या वडिलांची, धोंडीबा गवंड्यांची.

मागच्या दारापाशी हीच भिंत तीन फूट जाड भरली होती.

टेप पाच फूट आत गेली... आठ... अकरा...

मग आतून कोणीतरी टोक धरलं.

शिवानी दचकून मागे सरली. तरी वडिलांची वस्तू सोडवेना. हट्टाला पेटून ती ओढत राहिली.

तलावावरचे पक्षी, रस्त्यावरच्या रिक्षा... सगळं गप्प झालं होतं.

तिच्या टाचेला काहीतरी गार लागलं...

मग टाळूला.

मागे कोणीच नव्हतं.

टेप एकदम सैल होऊन बाहेर आली. पुढचा तुकडा तुटलेला होता. बरोबर पाच फूट दोन इंचांचा.

शिवानीची उंची तेवढीच आहे.

जेवून परतलेल्या चाचांनी भोक पुन्हा बुजवलं. तिच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"तुझं माप घेतलंय त्याने," ते म्हणाले. "आता बांधायला घेईल."

शिवानी ठाकुर्लीला पाचव्या मजल्यावर राहते. पलंगामागच्या भिंतीपलीकडे नुसती हवा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या भिंतीतून गवंड्याच्या थापीचा आवाज आला. अगदी खाली, फरशीजवळ.

टक... टक...

रोज दुपारी तो थोडा वर सरकायचा. घाबरून मी तिला टिटवाळ्याला माझ्या घरी आणलं.

आवाजही आला.

"टेप सोडून द्यायला हवी होती गं," एवढंच ती म्हणत राहते.

काल आवाज तिच्या कपाळाएवढा वर होता. मी तिचा हात घट्ट धरून बसले आहे. दुपार व्हायला अजून एक तास आहे.