मेल्यानंतरचं हसू

सायबुआनं पिशवीतून बामची रिकामी डबी काढून टेबलावर ठेवली. डबीत कापसाचे दोन बोळे होते, वाळून कडक झालेले आणि लाल.

"माझ्या मुलीच्या कानातले आहेत," ती म्हणाली. "पोलिसांना दाखवले. ते म्हणाले, घरी जा मावशी, रडून घ्या."

रंपाईनं डबी उचलून नाकाशी धरली. ती पंचावन्न वर्षांची होती. खाजगी तपासाचा धंदा सुरू करण्याआधी पंधरा वर्षं तिनं बँकॉकच्या भुताच्या चित्रपटांना किंकाळ्या पुरवल्या होत्या. त्यात तिचा आवाज बसला तो बसलाच.

"गोड वास येतोय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"तेच तर मी सांगतेय! ताई, आम्ही अंफवाचे, माडाचा गूळ करतो. विहारात तिच्या हातावर शेवटचं पाणी घालायला वाकले, तर कानातून मुंग्यांची रांग निघाली होती. मढ्याला लागणाऱ्या मुंग्या वेगळ्या आणि गुळाच्या कढईला लागणाऱ्या वेगळ्या. मी जन्मभर कढईपाशी बसलेय. मला कोण शिकवणार?"

मुलीचं नाव चोम्फू, वय बावीस. 'सातवा रांजण' या चित्रपटात तिला जिवंतपणी पाण्याच्या रांजणात बंद करून बुडवतात, असं दृश्य होतं. अठ्ठ्याण्णव दिवसांपूर्वी ते दृश्य झालं आणि त्याच संध्याकाळी स्टुडिओमागच्या कालव्यात तिचं प्रेत सापडलं. दिग्दर्शक थनातचं म्हणणं असं की चार वाजता काम संपलं, पोरीनं साबण लावून आंघोळ केली, कपडे बदलले, गार हवेला कालव्याच्या पायऱ्यांवर गेली आणि पाय घसरला.

"माझी पोर चालायच्या आधी पोहायला शिकली," सायबुआ म्हणाली. "पण त्यांच्याकडे तिचं हसू आहे."

ते काय, हे रंपाईला सांगावं लागलं नाही. पडद्यावर मेलेल्या नटानं कॅमेरा चालू असतानाच डोळे उघडून हसायचं, नाहीतर ते मरण अंगाला चिकटतं. हे हसू घेतल्याशिवाय इथला कुठलाही कॅमेरावाला कॅमेरा बंद करत नाही. चोम्फूचंही हसू त्या शेवटच्या दृश्याला जोडलेलं होतं. ते पाहूनच पोलिसांनी वही मिटली होती.

"त्या दिवशी तिचा फोन आला होता?"

"दुपारी जेवायच्या सुट्टीत आला होता. म्हणाली, आई, रांजणाच्या काठावर तोंड आपटलं, पुढचा दात अर्धा तुटला. आता हसताना तोंडावर हात धरावा लागणार. मी म्हटलं, ये घरी, अंफवाच्या डॉक्टरकडून बसवून घेऊ." सायबुआनं डोळे पुसले. "पोलीस म्हणाले, दात पायऱ्यांवर आपटून तुटला. शंभर दिवस पेटी विहारात ठेवायची आपली रीत; रोज सकाळी मी तिथे भात घेऊन जाते. पेटीवर टकटक करते, चोम्फू, ऊठ, जेवायला ये म्हणते. परवा शंभरावा दिवस. अग्नी दिला की दातही गेला आणि सगळंच गेलं. आणि परवाच तो चित्रपट लागतोय, ताई. त्या माणसानं मुद्दाम तो दिवस धरलाय!"

इतका वेळ कोपऱ्यात बसलेला तेंग पुढे सरसावला. तो टॅक्सी चालवायचा, रंपाईला हवं तिथे न्यायचा आणि स्वतःला तिचा सहायक म्हणवायचा. भयपट म्हणजे त्याचा जीव की प्राण.

"'सातवा रांजण'? ताई, त्याची झलक मी वीस वेळा तरी पाहिली असेल! बाहेर सगळं शांत, आणि रांजणाच्या आतून ठक-ठक-ठक, मग जरा थांबून पुन्हा ठक-ठक-ठक. अंगावर काटा—"

सायबुआ त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तेंगनं हातातला फोन खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नोंथबुरीच्या स्टुडिओत पोहोचले. नाव स्टुडिओ, पण होतं ते कालव्याकाठचं जुनं भाताचं गोदाम. दारात पुरुषभर उंचीचं पोस्टर होतं. त्यावर चोम्फूचा चेहरा आणि खाली मोठी अक्षरं: 'तिच्या शंभराव्या दिवशी. यातला एकही आवाज नंतर घातलेला नाही.' ज्याला हे लिहिताना लाज वाटली नाही, त्याला कशाचीच वाटणार नव्हती.

थनात चाळिशीचा होता. त्यानं हसून वाय केला, म्हणजे हात जोडून नमस्कार केला, पण मोठ्यांसाठी कपाळाकडे न्यायचे हात जेमतेम हनुवटीपर्यंत नेले.

"या मावशी. तुमच्या किंकाळ्या ऐकत मोठा झालोय मी. पण तो जमाना गेला. आता लोकांना खोटं रक्त चालत नाही, त्यांना खरं लागतं. ते मागतात, मी देतो. यात माझं काय चुकलं?"

"ते बघू. त्या दृश्याच्या वेळी कोण कोण होतं?"

"मी मोजकीच माणसं ठेवतो. मी, कॅमेऱ्यावर विरुत, रांजणापाशी चुआ आणि चोम्फू. आदल्या दिवशीही तेच दृश्य घेतलं होतं. अगदी नाटकी झालं! म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हा बसलो. शेवटचं मात्र सोनं झालं."

"पोस्टरवरचं ते आवाजाचं खरं आहे?"

"शंभर टक्के! वाटलं तर मूळ ध्वनिफीत ऐका. जे ऐकू येतं ते त्याच क्षणाचं आहे."

"रांजणातून ती काही खूण करायची का?"

"छे. खूण कशाला? झाकण नुसतं ठेवलेलं असायचं. ढकललं की उघडायचं."

विरुत कॅमेरे पुसत होता. तिशीतला, सुकलेला, डोळ्यांखाली काळं. गळ्यात ताईतांच्या चार डब्या होत्या. तीन जुन्या, घासून पिवळ्या पडलेल्या, काचेतून आतला देव दिसणाऱ्या, आणि चौथी कोरी, सगळीकडून बंद. बोलताना त्याची बोटं सारखी त्या कोऱ्या डबीकडे जात होती.

"चोम्फू रांजणातून बाहेर आली, हे तू पाहिलंस?" रंपाईनं विचारलं.

"हसली ती. चित्रीकरणात आहे ना."

"मी हसण्याचं नाही विचारलं."

"मला... कॅमेरा आवरायचा होता. आठवत नाही."

"आणि ती ठक-ठक?" तेंगला राहवलं नाही.

विरुतच्या हातातलं फडकं खाली पडलं. "ते दिग्दर्शकांना विचारा," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

चुआकाका मागच्या अंगणात भेटले. रांजण, रक्त, कापलेले हात हे सगळं त्यांचं खातं. त्यांच्या शेजारी लाल सरबताच्या बाटल्यांची दोन खोकी होती. त्यांचं सील तसंच होतं आणि एका फुटक्या बाटलीभोवती मुंग्या लागल्या होत्या. बाजूच्या भूमीदेवतेच्या देव्हाऱ्यातही लाल सरबताचा पेला होता, स्ट्रॉ घातलेला.

"रक्त म्हणून हेच वापरता?"

"हो, पाण्यात मिसळतो. पोरीच्या तोंडात गेलं तरी गोडच लागेल ना." म्हातारा कसनुसा हसला. "कानात जाऊ नये म्हणून मीच तिला कापूस द्यायचो. बाहेर आली की पहिलं काम ते. बोळे काढायची, माझ्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, काका, आता बोला, ऐकू येतंय."

रंपाई बाजूच्या रांजणापाशी गेली.

"झाकणाला कडी होती?"

"होती. दिग्दर्शकांचाच हट्ट. म्हणून तर मी झाकणापाशी उभा असायचो. आतून तीन ठोके आले की कडी काढायची, असं आमचं ठरलेलं. आदल्या दिवशी दोनदा काढली."

"आणि शेवटच्या वेळी?"

"मी नव्हतो हो! साडेतीनला मला बाजारात पिटाळलं, सरबत संपलं म्हणून. मी म्हटलं, आहे की अजून. तरी म्हणाले, दोन खोकी आणा. आलो तेव्हा सगळे कालव्यावर ओरडत होते." त्यांनी खोक्यांकडे पाहिलं. "शंभर दिवस झाले, सील फोडलेलं नाही. हात लावायची इच्छाच होत नाही."

जाण्याआधी रंपाईनं पोलिसांना दाखवलेलं ते हसू पाहिलं. ओले केस, गालावर लाल ओघळ. चोम्फूनं डोळे उघडले आणि कॅमेऱ्याकडे बघून तोंडभर हसली. सगळे दात चमकले. रंपाईनं ते तीनदा पाहिलं.

परत येताना तेंग म्हणाला, "ताई, मला तर वाटतं ती खरंच बाहेर आली असेल. हसतेय ना चांगली!"

"तेंग, तू गाडी चालव."

शंभराव्या दिवशी सकाळी थनातनं पत्रकारांसाठी खास खेळ ठेवला होता. खेळाच्या तासभर आधी त्याच चित्रपटगृहात रंपाईनं सगळ्यांना बसवलं. पहिल्या रांगेत थनात, विरुत आणि चुआकाका होते. मागे सायबुआ आणि स्थानिक ठाण्याचा इन्स्पेक्टर. तो आला होता केवळ रंपाईनं त्याच्या वरिष्ठांना फोन केला म्हणून, आणि घड्याळाकडे बघत होता.

"पाच मिनिटं घेते," रंपाई म्हणाली. "इन्स्पेक्टरसाहेब, साबण लावून आंघोळ केलेल्या, कपडे बदललेल्या मुलीच्या कानात सरबतानं भिजलेले बोळे राहतील का? बाहेर आली की ती आधी बोळे काढायची. त्या दिवशी काढले नाहीत, कारण ती बाहेर आलीच नाही. ती रांजणात मेली. मेल्यावर तिचे कपडे बदलले आणि तिला कालव्यात टाकलं. कानात बघायचं कुणाला सुचलं नाही."

"वा! आणि मेल्यावर ती हसली वाटतं?" थनात म्हणाला.

"तिथेच तुमची चूक झाली. लावा रे ते हसू." पडद्यावर चोम्फू हसली. "दात मोजा, साहेब. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं आईला फोन केला की पुढचा दात तुटलाय. तुम्ही पंचनाम्यात लिहिलंत, पायऱ्यांवर तुटला. फोनची वेळ कंपनीकडून काढा. तुटका दात अजून विहारात पेटीत आहे. मग संध्याकाळी चार वाजता हे सगळे दात आले कुठून? हे हसू आदल्या दिवसाचं आहे, त्या नाटकी झालेल्या दृश्याचं. ते कापून इथे डकवलंय."

इन्स्पेक्टर घड्याळ विसरला.

"दुसऱ्या कुठल्या देशात हे हसू लागलंच नसतं. इथे मात्र मेलेल्या पोरीला न हसवता ठेवायची कॅमेरावाल्याची छाती झाली नाही. भुताची भीती वाटली! ती जिवंत असताना मात्र वाटली नाही. होय ना विरुत? तू भीतीपोटी ते डकवलंस आणि या माणसानं तेच पुरावा म्हणून वापरलं."

विरुतची बोटं पुन्हा कोऱ्या डबीवर गेली.

"आता ठोके," रंपाई म्हणाली. तिचा बसका आवाज फाटायला लागला होता. "तीन ठोके म्हणजे 'उघडा'. थनात म्हणतात, खूण नव्हतीच. चुआकाका म्हणतात, होती, आणि कडीही होती. कडी काढणारा एकमेव माणूस नको असलेलं सरबत आणायला पाठवलेला. आणि पोस्टर काय म्हणतं? एकही आवाज नंतर घातलेला नाही! म्हणजे अख्ख्या देशानं फोनवर ऐकलेली ती ठक-ठक-ठक हीच ती. 'उघडा, मी मरतेय' असं ती पोर सांगत होती. दोनदा तरी सांगितलं. आणि तुम्ही त्याची जाहिरात केलीत!"

"मला वाटलं अभिनय करतेय!" थनात उभा राहिला. "मावशी, तुम्हीही हाच धंदा केलाय. लोकांना घाबरवून पोट भरलंत. मला शिकवू नका!"

"केला! पंधरा वर्षं केला आणि त्याची लाज नाही. लोक घाबरायला येतात. अंधारात दोन तास मरणाशेजारी बसून घरी जाऊन गरम भात खातात. भाताला त्या दिवशी चव येते म्हणून येतात. पण मेलेलं माणूस उठणार, हसणार, हे गृहीत धरून ते तिकीट काढतात. माझ्या किंकाळीनंतर मी पाणी प्यायचे. तू त्या पोरीला मारलंस आणि त्याचं तिकीट लावलंस!"

"सिद्ध करा."

रंपाई विरुतसमोर जाऊन उभी राहिली. "तीन ताईत आजोबांचे असतील. चौथ्या डबीत काय आहे? देव असता तर तू ती झाकली नसतीस."

विरुतनं गळ्यातली कोरी डबी उघडली. आत बोटाच्या नखाएवढं मेमरी कार्ड होतं. मूळ, न कापलेलं चित्रीकरण.

पडदा मोकळा ठेवून फक्त आवाज लावला. ठक-ठक-ठक. मग विरुतचा आवाज: "सर, ती वाजवतेय." मग थनातचा, अगदी खुशीतला: "वाजवू दे. कडीला हात लावू नकोस. काय सुंदर वाजवतेय!" पुन्हा ठक-ठक-ठक. नंतर एकच ठोका आला. मग काही नाही.

"मी विचारलं होतं," विरुत रडत म्हणाला. "मी त्यांना विचारलं होतं."

"तुझे हात बांधले होते का?" रंपाईनं विचारलं.

इन्स्पेक्टरनं दोघांनाही नेलं. बाहेर रांग लागली होती. खेळ रद्द झाल्याचं कळताच लोक चिडले. कारण कळलं तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "मग ते खरं आहे? कुठे बघायला मिळेल?" तेंगनं वळून त्या माणसाची कॉलर धरली. रंपाईला ती सोडवावी लागली. गाडीत बसल्यावर तेंगनं फोनमधली ती झलक पुसून टाकली. पुसताना तोही रडला.

दुपारी विहारात पोलीस आणि त्यांचे डॉक्टर आले; चुआकाकाही आले होते. अग्नी आज नाही, पेटी तपासणीला न्यायची होती. नियमाप्रमाणे ती बंदच न्यायची, असं त्यांनी समजावून सांगितलं. सायबुआनं सगळं ऐकून घेतलं. अग्नीआधी मेलेल्याच्या चेहऱ्यावर शहाळ्याचं पाणी घालतात, त्यासाठी तिनं अंफवाहून शहाळं आणलं होतं, ते आणि भाताची वाटी तिच्या हातात होती.

सवयीनं तिनं पेटीवर टकटक करायला हात उचलला. एकदा वाजवलं, दोनदा वाजवलं. तिसऱ्यांदा हात हवेतच राहिला.

मग ती पोलिसांकडे वळली.

"नियम तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली. "माझ्या पोरीनं तीन-तीन ठोके देऊन सांगितलं होतं. आता तरी झाकण उघडा."

चुआकाका पुढे झाले आणि त्यांनी झाकणाला हात घातला.