पदराची पिन आणि परीक्षण

दुसरी घंटा

...झाली आणि माझ्या पदराची पिन लागेना. विंगेत एक अनोळखी तरुण वाट चुकून उभा होता, प्रेक्षागृहाचं दार शोधत.

"जरा ही लावा की."

त्यानं लावली.

"टोचली का?"

"टोचली असती तर ओरडले असते."

तिसरी घंटा. मी रंगमंचावर, तो – कुठल्याशा रांगेत.

पेपरात

'सर्वच कलाकारांनी आपापल्या भूमिकांना न्याय दिला.' खाली नाव शिवराज, शेजारी फोटो. पिनवाला!

सोलापुरात हौशी नाटकावर असंच लिहायची रीत. सगळ्यांची नावं छापायची, कुणाला दुखवायचं नाही. आमचे दिग्दर्शक हिंदुरावकाका अशी कात्रणं लॅमिनेट करून ठेवतात. मला मात्र धास्ती. स्पर्धा तोंडावर, आणि दुसऱ्या अंकात मुलगा घर सोडून जातो तिथलं माझं रडणं खोटं वाटतं, असा माझाच मला संशय. पण कुणी सांगेल तर ना...

सात रस्ता चौकात चहा पिताना त्याला गाठलं. तो म्हणाला, नोकऱ्या सांभाळून हौसेनं नाटक करणाऱ्यांना काय नावं ठेवायची?

"मी दिवसभर टॉवेल विकते," मी म्हणाले. "धागा निघाला तर गिऱ्हाईक परत आणून देतं. माझं नाटकच तेवढं कुणी परत आणत नाही."

त्यानं कप खाली ठेवला.

"तुम्ही रडता तेव्हा मला तुमची कीव येते. त्या आईची येत नाही."

टोचलं. ओरडले नाही.

"हे छापा."

छापलं त्यानं. काका भडकले – आपण काय पोटासाठी करतो व्हय, त्या पोराला आत घ्यायचं न्हाय. मी म्हटलं, पोटासाठी नाही, म्हणूनच तर नीट करायचं.

स्पर्धा

रडले नाही.

मुलाचा शर्ट उचलला. दुकानात टॉवेलची घालते तशी, काठाला काठ लावून घडी घातली. तेवढंच. प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

पडदा पडल्यावर तो विंगेत आला. वाट न चुकता. दार काकांनीच उघडलं.

"लिही आता," मी म्हणाले. तुम्हीचं तू कधी झालं – कळलंच नाही.

"नाही लिहिता येणार."

"इतकं वाईट झालं?"

"प्रियदर्शनी, मी सबंध नाटकभर तुझ्याकडेच बघत होतो. बाकीच्यांनी काय केलं, मला ठाऊक नाही. असा समीक्षक काय कामाचा?"

कान तापले माझे. पण आवाज हलू दिला नाही.

"मग पेपरातर्फे दुसरं कुणी पाठव. कडक लिहिणारं. आणि तू तालमीला ये."

"तिथं मी काय करू?"

"खरं बोल. छापू नकोस."

बक्षिसांसाठी नावं पुकारायला लागले होते. पदर सुटला होता. मी पिन त्याच्या तळहातावर ठेवली.

"टोचली तर?"

"ओरडेन की. लाव तू."